छपाई नव्हे, घडाई

“काशिमीऱ्याच्या शेडमध्ये जे चालतं ती शिल्पकला नव्हे, ती दगडावरची छपाई आहे.”

गेल्या हिवाळ्यात मुंबईत एका व्याख्यानात हे वाक्य ऐकलं. वक्ते ज्येष्ठ शिल्पकार. वयाने, मानाने आणि कामानेही मोठे. त्यांचं नाव घेत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही, त्या वाक्याशी आहे, आणि ते वाक्य काही त्यांच्या एकट्याचं नाही. आर्किटेक्ट ते बोलतात, चित्रकलेचे मास्तर बोलतात, आणि लॉबीतल्या तसल्याच पॅनेलचे पाच टक्के कमी करा म्हणून तासभर हुज्जत घालणारे बिल्डरही नंतर चहा पिताना तेच बोलतात. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही सवयीने वाजवल्या. जिना उतरताना ध्यानात आलं, की शिव्या आपल्यालाच बसल्या होत्या.

मी भाईंदरला राहतो आणि इमारतींसाठी दगडी भिंती आखतो. हे काम नेमकं काय, ते नातेवाइकांना सांगताना आजही माझी तारांबळ उडते. मी फरशी बसवणारा नाही, मूर्तिकारही नाही. लिफ्टसमोरची भिंत, रुग्णालयाचा दर्शनी भाग, जैन देरासराची जाळी, बंगल्याच्या अंगणात उभा करायचा एखादा घडीव दगड, यांचं रूप ठरवायचं. दगड कुठला, जाडी किती, खोली कुठे, उजेड कोणत्या अंगाने पडणार, पावसाचं पाणी कुठून ओघळणार, हे आधी कागदावर आणायचं आणि मग यंत्राकडून व कारागिरांकडून उभं करून घ्यायचं. दहिसर चेकनाका ओलांडून काशिमीऱ्याकडे निघालात की हायवेच्या कडेला लोखंडी चौकटींना टेकून उभ्या असलेल्या मार्बल-ग्रॅनाइटच्या स्लॅब दिसतात. असल्याच एका गोदामामागे, पत्र्याच्या शेडखाली आमचा संसार आहे. तेव्हा हा प्रतिवाद तटस्थ माणसाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘छपाई’ या शब्दाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. पूर्वी म्हणे एक माणूस एक दगड घेऊन बसायचा; त्याच्या मनातलं रूप थेट त्याच्या टाकीतून दगडात उतरायचं; मधे ना नकाशा, ना दुसरा माणूस, ना यंत्र. असा काळ नेमका कधी होता ते मला कोणीतरी दाखवावं.

फार लांब जायला नको. घोडबंदर रस्त्याने ठाणं गाठायचं आणि पुढे अंबरनाथ. तिथलं शिलाहारांचं शिवमंदिर काळ्या बेसॉल्टचं आहे, आणि त्यातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. शिखर भूमिज पद्धतीचं. या पद्धतीत मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचत नेतात. रूप तेच, फक्त वर जाताना आकार लहान होत जातो. अंबरनाथचा माथा आज ढासळलेला आहे. सिन्नरला गोंदेश्वरावर हा प्रकार शाबूत पाहायला मिळतो. तिथे उभं राहून ती शिखरं मोजा. एकाच रूपाची आवृत्ती, तिची आवृत्ती, तिचीही आवृत्ती. शेजारशेजारची दोन शिखरं दोन वेगळ्या हातांनी घडवली असणार, आणि कोणतं कोणाचं ते कळू नये हीच त्या कामाची शर्त होती. सूत्रधाराने माप दिलं, पाथरवटांनी ते पाळलं. मग ही छपाई म्हणायची का? एका साच्यातून अनेक रूपं काढण्याला आक्षेप असेल तर तो अकराव्या शतकापासून घ्यावा लागेल, एकट्या काशिमीऱ्यावर घेऊन चालणार नाही.

दुसऱ्या उदाहरणातला दगड तर आमच्या खाडीपलीकडचाच आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ती पवित्र करण्यात आली. तिच्या भिंती गोव्याच्या जांभ्याच्या आहेत; पण दर्शनी भागावरच्या नक्षीसाठी जांभा चालेना, कारण तो सच्छिद्र, त्यात बारीक धार टिकत नाही. म्हणून काळा बेसॉल्ट वसईहून गलबतांनी नेला. म्हणजे आराखड्याची शैली युरोपची, दगड उत्तर कोकणचा, भिंत गोव्याची. चारशे वर्षांपूर्वी ‘आखणारा वेगळा, पुरवणारा वेगळा, कोरणारा वेगळा’ ही साखळी वसईच्या खाडीतून अशी सुरू होती. आज आमच्या शेडमध्ये राजस्थानचा दगड, भाईंदरचा नकाशा आणि तिसऱ्याच गावचा कारागीर एकत्र आले, तर त्यात अपवित्र काय झालं?

याच बॅसिलिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती हाताच्या भक्तांनी नीट ऐकावी. तिच्या जांभ्यावर मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकला, दगड उघडा ‘अस्सल’ दिसावा म्हणून. आज तो उघडा जांभा पावसाने झिजतोय आणि गिलावा परत चढवा म्हणून जाणकार कानीकपाळी ओरडताहेत. दगडाचं अस्सलपण म्हणजे त्याचं उघडंवाघडं रूप, ही समजूत किती महागात पडते त्याचा हा नमुना.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. त्याच्या भिंतीवरची माकडं, मोर, पानंफुलं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. विद्यार्थी! म्हणजे गुरुजींनी दाखवलेल्या नमुन्याबरहुकूम काम करणारी मुलं. आणि युरोपात शिल्पकार रोदँच्या नावाने जे संगमरवर जग पाहतं, त्यातलं बहुतेक त्यांच्या कार्यशाळेतल्या मदतनिसांनी कोरलेलं आहे. रोदँनी मातीत रूप घडवायचं, मदतनिसांनी ते बिंदू मोजायच्या यंत्राने दगडात उतरवायचं. हे पॉइंटिंगचं यंत्र म्हणजे पितळी दांड्या आणि एक सरकती सुई. सुई मातीच्या नमुन्यावर जिथे टेकते, तितकीच खोली दगडात गाठायची, असे शेकडो बिंदू. आमच्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राची ती आजीच. तिला कोणी छपाई म्हणत नाही, कारण पॅरिसची आजी आणि काशिमीऱ्याची नात यांना लावायची फूटपट्टी वेगळी आहे.

आता या नातीचं काम जवळून पाहू. परवाचीच गोष्ट. ढोलपूरच्या फिकट बदामी वालुकाश्माची ५० मिलिमीटर जाडीची लादी यंत्राच्या पाटावर चढलेली होती. भरतीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या ज्या सरी उठतात, तसा उठाव त्यात आणायचा होता. संगणकातली आखणी माझी, त्यावर तीन आठवडे घालवलेले. लादी यंत्राखाली सरकवायच्या आधी आमच्या मिस्त्रींनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि ती सुकताना नुसते बघत उभे राहिले. नंतर हातोडीच्या दांड्याने टिचक्या मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. खण, खण, खण, आणि एका जागी बद्द.

“साहेब, इथे आत चीर आहे. तुमची मोठी लाट नेमकी इथूनच जाते.”

डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण पाणी मारलेला दगड सुकताना चिरेची रेघ सगळ्यांत शेवटी सुकते. तशी ती केसाएवढी रेघ दोन मिनिटांनी दिसली. मी संगणकाकडे परत गेलो, लाट हातभर डावीकडे सरकवली, तिच्यामुळे बाकीच्या चार लाटा हलल्या. खरं सांगायचं तर नवी मांडणी पहिलीपेक्षा चांगली झाली. कागदाने कधी छापखान्याला असं उलट उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही.

पुढे यंत्राने दोन दिवस काम केलं. हिऱ्याचे कण बसवलेली गोल तोंडाची सुई, वरून अखंड पाण्याची धार, खाली दुधी चिखल. पण यंत्र जे सोडतं ते पूर्ण काम नसतंच. शेतात नांगर फिरल्यावर उरतात तशा बारीक समांतर सरी ते ठेवून जातं. शिवाय आमच्याकडचं तीन अक्षांचं यंत्र फक्त वरून खाली कोरू शकतं. लाटेच्या पोटाखाली, जिथे सावली बसायची, तिथे त्याची सुई पोचत नाही. तिथे माणूसच लागतो. मिस्त्री आणि त्यांचे दोघे साथीदार यांनी पुढचे सहा दिवस टाकी घेऊन ती पोटं कोरली, काही सरी घासून मोडल्या आणि काही मुद्दाम ठेवल्या. कुठल्या ठेवायच्या यावर आमचं भांडणही झालं. मी हरलो.

टाकी म्हणजे काय, हे मराठी माणसाला खरं तर सांगावं लागू नये. आमच्या लहानपणी दुपारी गल्लीत टाकी लावणाऱ्या बाईची हाक यायची आणि घरोघरी पाटे, जाती बाहेर निघायची. पाटा झिजून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही. मग ती बाई उन्हात बसून त्याला टाकी लावायची, एका तालात, दगडाच्या अंगावर सारख्या अंतराचे ठिपके उठवत. मी तिला माझी पहिली गुरू मानतो. दगडाच्या पृष्ठभागाचा पोत ही शोभा नसून काम आहे, हे तिला ठाऊक होतं. तिला कोणी शिल्पकार म्हटलं नाही आणि तिनेही कोणाच्या कामाला छपाई म्हटलं नाही.

वक्त्यांचं एक म्हणणं मात्र मला बिनशर्त मान्य आहे. बाजारात जे ढिगाने तयार होतं त्यातलं बरंचसं भिकार आहे. इंटरनेटवरून आयती फाइल उतरवून घ्यायची, तेच कमळ, तोच अर्धोन्मीलित डोळ्यांचा बुद्ध, तेच फांद्या पसरलेलं झाड. मीरा रोडच्या एका टॉवरच्या लॉबीत पाहिलेलं झाड विरारला दिसतं आणि पनवेललाही भेटतं. त्या झाडाला ना मुळं ना माती. हे पाहून कोणाचं डोकं फिरलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण दोष यंत्राचा असता, तर त्याच यंत्रातून निघालेलं प्रत्येक काम तसंच भिकार निघालं असतं. तसं होत नाही. मग गुन्हेगार कोण?

माझ्या मते गुन्हेगार आहे चौरस फूट.

अबूच्या पायथ्यापासून वरपर्यंत सगळीकडे एक दंतकथा सांगतात. दिलवाडाच्या जैन मंदिरांत, त्यातलं विमलवसही १०३१ मधलं, कारागिरांना मजुरी मिळायची ती कोरून काढलेल्या संगमरवराच्या भुशाच्या वजनावर. जितका भुसा जास्त, तितके पैसे जास्त. खरी असेल, नसेल. पण तिच्यात फार मोठा हिशेब दडलेला आहे. तिथे पैसा मिळत होता काढून टाकलेल्या दगडाचा, म्हणजे खोलीचा, वेळेचा. आज आम्हाला पैसे मिळतात ते उरलेल्या दगडाचे, आणि तेही फक्त लांबी गुणिले रुंदी. खोलीला बाजारात भाव नाही. निविदेत खोलीचा रकानाच नसतो.

याचा परिणाम हातात धरून पाहता येतो. २० मिलिमीटरच्या संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीचं वजन चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतं. ५० मिलिमीटरच्या लादीचं साडेबारा. निविदेत दोघींचं क्षेत्रफळ सारखंच, म्हणून खरेदी खात्याचा माणूस पातळ फरशी घेतो. २० मिलिमीटरमधून पाठीला ताकद ठेवून तुम्ही उठाव किती काढणार? आठ मिलिमीटर काढलात तर हात जोडावेत. आठ मिलिमीटरात सावली पडत नाही, नुसता डाग पडतो. सावली नाही म्हणून मग वर एलईडीची पट्टी लावतात, आणि ती पट्टी लावली की भिंत मिठाईच्या दुकानासारखी दिसू लागते. असला पापुद्रा पाहून ‘छपाई’ म्हणणाऱ्याचे डोळे बरोबर आहेत. बोट मात्र चुकीच्या माणसाकडे आहे.

दुसरा गुन्हेगार म्हणजे बोलावण्याची वेळ. मुंबईत फोर्टमध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ची इमारत आहे. आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता, उठावशिल्पं ना. ग. पानसरे यांची. कष्टकरी माणसांच्या त्या उंच, ताठ आकृती भिंतीला चिकटवलेल्या वाटत नाहीत, भिंतच जरा पुढे येऊन माणूस झाल्यासारखी वाटते. असं होतं, कारण इमारतीच्या नकाशातच शिल्पाची जागा होती. आमच्याकडे फोन येतो तो ताबा द्यायच्या दोन महिने आधी. भिंत उभी, प्लास्टर झालेलं, लिफ्टची चौकट बसलेली, आणि मधे अडीच इंच जागा उरलेली. “काहीतरी छान करून द्या हो यात.” वरातीमागून घोडं पाठवायचं आणि वर म्हणायचं, की घोडं नाचत नाही.

आमच्या एका कामाची रड सांगतो. खाडीकडे तोंड असलेल्या एका इमारतीवर आम्ही दगडी पट्टे आखले होते. हा मिठागरांचा मुलूख. हवेत, मातीत, भिंतीत मीठ. दगड अडकवायच्या क्लँप ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात, असं नकाशावर ठळक लिहिलं होतं. प्रत्यक्षात कोणीतरी साध्या लोखंडाच्या बसवल्या, वर चांदी रंग मारून. गंज चढलेलं लोखंड फुगतं, मूळच्यापेक्षा जास्त जागा मागतं, आणि दगडाला ती देता येत नाही. चौथ्या पावसाळ्यात एका पट्ट्याचा कोपरा फुटून खाली आला. नशीब, खाली कोणी नव्हतं. सोसायटीच्या सभेत ठपका कोणावर आला? “मशीनचं काम आहे हो, हातचं असतं तर टिकलं असतं.” हाताने कोरलेला दगडही त्या क्लँपवर तितक्याच बिनचूकपणे फुटला असता.

आता हाताच्या पावित्र्याबद्दल. छिन्नी-हातोड्याच्या नादाविषयी हळवं होऊन बोलणाऱ्यांनी त्या नादाबरोबर उडणारी धूळ कधी हुंगली आहे का? वालुकाश्म म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. ग्रॅनाइटमध्येही तो भरपूर. त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. संगमरवरात हा धोका फारच कमी, आपल्या बेसॉल्टमध्येही मोकळी सिलिका अगदी थोडी. पण देवळांसाठी वालुकाश्म कोरणाऱ्या राजस्थानी गावांतल्या बायकांना वैधव्याचं कारण विचारा. क्वार्ट्झचा चुरा आणि राळ दाबून बनवलेल्या कृत्रिम दगडात तर सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे तो स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हौसेने विकला जातो. यंत्र पाण्याखाली कोरतं, त्यामुळे धूळ चिखल होऊन खाली बसते. माझ्या शेडमध्ये सगळ्यांत घातक काम कुठलं विचाराल तर ते यंत्राचं नाही. कोरड्या ग्राइंडरने हातात धरून केलेल्या फिनिशिंगचं आहे. तिथे पाणी आणि तोंडाला चांगला मास्क, याशिवाय काम होऊ देत नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही रुमालावर भागवत होतो, त्याची लाज वाटते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरं, पण ते घाव दगडाने सोसायचे असतात, कारागिराच्या छातीने नव्हे.

त्या व्याख्यानात आणखी एक बाण सुटला होता: महाराष्ट्राच्या मातीशी यांचं नातं काय, सगळा दगड परप्रांतातून. हा बाण लागला, कबूल करतो. ज्या बेसॉल्टमध्ये वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं, ज्यात अंबरनाथ उभं राहिलं, तो दगड आज आपल्या भोवतालच्या डोंगरांतून निघतो तो थेट क्रशरमध्ये जातो. त्याची खडी होते. ती खडी काँक्रीटमध्ये जाते, आणि त्या काँक्रीटच्या भिंतीवर आम्ही इटलीचा नाहीतर राजस्थानचा पापुद्रा चढवतो. आपला दगड पोटात, परका अंगावर. ही शोकांतिका खरी आहे. पण बेसॉल्टच्या मोठ्या, निर्दोष लाद्या कापून देणाऱ्या खाणी हव्यात तर त्या मागणारं कोणीतरी हवं, आणि मागणारे आर्किटेक्टच काळा दगड पाहून “फार डार्क वाटतं, क्लायंटला आवडणार नाही” म्हणतात.

त्यांना मी पुण्याला आयुका ही खगोलशास्त्र संस्था पाहायला पाठवतो. चार्ल्स कोरियांनी तिथे काळ्यावर काळा चढवला आहे: खाली खडबडीत बेसॉल्ट, त्यावर कडप्पा, आणि सगळ्यात वर आरशासारखा घासलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश उतरतं. एकही मूर्ती न कोरता नुसत्या पोताच्या तीन पायऱ्यांनी भिंत जड जमिनीतून हलक्या आभाळात जाते. माझ्या धंद्यातलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं काम आहे, असं माझं मत. ते छपाई आहे की शिल्प, हे व्याख्यात्यांनी ठरवावं.

आणि इतक्या लांब जायचं नसेल तर भाईंदरहून उत्तनमार्गे गोराईला जा. तिथला विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. जोधपूरचा दगड, एकमेकांत अडकतील अशा खाचा घालून घडवलेला, आणि आत एकही खांब नाही. खाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. तिथे दगड भार पेलतो. नुसती कातडी म्हणून लटकलेला नाही. खाच जराही चुकली तर शेजारचा दगड बसणार नाही. इतकी बिनचूक, इतक्या वेळा तीच ती खाच पाडणं याला ‘यांत्रिक’ म्हणणारा माणूस मला घुमटाखाली नेऊन उभा करायचा आहे.

दगडाच्या जागी फायबर वापरणाऱ्यांबद्दल थोडंसं. मला साहित्याचा सोवळेपणा नाही. अलिबागजवळ सासवण्याला वि. पां. करमरकरांनी साध्या सिमेंटमध्ये म्हशी आणि कोळणी अशा घडवल्या की संगमरवर लाजावा. पण ते सिमेंट सिमेंट म्हणूनच उभं आहे, आणि आमच्या चौकाचौकांत फायबरला दगडाचा रंग फासून उभं करतात त्याला मी फसवणूकच म्हणतो.

तेव्हा ‘छपाई’ हा शब्द मी परत करतो आहे. बदल्यात एक मागणी. त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे आर्किटेक्ट होते. त्यांनी पुढच्या निविदेत क्षेत्रफळाशेजारी दोन रकाने वाढवावेत, एक उठावाच्या खोलीचा आणि एक हाताने करायच्या तासांचा. भिंत झाल्यावर बोलावण्याऐवजी नकाशा पेन्सिलीत असतानाच बोलवावं. क्लँपचा दर्जा जागेवर जाऊन बघावा. आणि लॉबीच्या उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर नगरसेवकापासून सल्लागारापर्यंत सगळ्यांची नावं कोरली जातात, तिथे तळाशी एक ओळ भिंत घडवणाऱ्यांसाठी ठेवावी. ती ओळ आम्ही फुकट कोरून देऊ.

गेल्या सहा महिन्यांत मी असे दोन रकाने घालून अकरा कोटेशन पाठवली. दहा ठिकाणांहून एकच उत्तर आलं: “हे वरचं काढा आणि चौरस फुटाचा दर सांगा.” अकराव्या ठिकाणची बाई आर्किटेक्ट पुढच्या सोमवारी शेडवर येणार आहे. ओल्या दगडाची चीर कशी दिसते ते तिला बघायचं आहे.